शब्द शोधणे आणि कोश वाचणे

छापील ग्रंथाच्या वाचनातील आनंदाविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्यातील बरेचसे लेखन स्मृतिरंजनापलीकडे जात नाही. कागदाचा स्पर्श, पाने उलटतानाचा आवाज, जुन्या पुस्तकाचा वास यांची वर्णने येतात आणि पडद्यावर वाचणारास रसिकतेच्या पंक्तीतून उठविले जाते. हा पक्ष दुबळा आहे. जुन्या पुस्तकाचा वास कागदातील सेल्युलोज व लिग्निन यांच्या विघटनातून निर्माण होतो. म्हणजे ज्याचे आपण कौतुक करतो तो वस्तुतः ग्रंथाच्या झिजेचा वास होय. आनंदाची मीमांसा करावयाची तर तो कोणत्या बौद्धिक व्यापारातून उद्भवतो, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी मी येथे कादंबरी किंवा काव्यसंग्रह न घेता शब्दकोश घेतो. कोश हा वाचावयाचा ग्रंथच नव्हे, तो केवळ पाहावयाचा ग्रंथ आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तेथेही वाचनाचा आनंद दाखविता आला, तर आपला मुद्दा सिद्ध होण्यास मदतच होईल.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ मध्ये निघाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून १९३८ पर्यंत बाहेर पडले. हे दोन्ही कोश आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहावयास मिळतात. ज्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात यांपैकी एकही खंड नाही तेथील विद्यार्थ्यासही ते खुले झाले, हा उपकार लहान नव्हे. तो मान्य करूनच पुढील विवेचन करावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थिनीने मराठी समासांतील पूर्वपदाच्या रूपावर प्रबंधिका लिहिली. तिने ‘पाणी’ हा शब्द नमुन्यादाखल घेतला, तो संगणकीय कोशांत शोधला आणि पाणीदार, पाणीपट्टी, पाणीपुरवठा, पाणीटंचाई अशी उदाहरणे काळजीपूर्वक मांडली. त्यावरून तिने निष्कर्ष काढला की, मराठीत ईकारान्त नाम पूर्वपदी आले असता त्याचे रूप बदलत नाही. सामग्री नीटनेटकी होती, तक्ते स्वच्छ होते. मी स्वाक्षरी केली. तोंडी परीक्षेच्या वेळी बहिःस्थ परीक्षकांनी टेबलावरचा मोल्सवर्थ उघडला आणि एक पान काहीही न बोलता तिच्यापुढे सरकविले. ‘पाणी’ ही नोंद येण्यापूर्वीच तेथे ‘पाण-’ने आरंभ होणाऱ्या शब्दांची रांग उभी होती. पाणकोंबडा, पाणक्या, पाणथळ, पाणपोई, पाणबुड्या यांपैकी एकही शब्द तिला अथवा मला अपरिचित नव्हता. मात्र तिच्या तक्त्यात त्यांपैकी एकही नव्हता. चूक तिच्याइतकीच, किंबहुना अधिक, माझी होती.

ही चूक कशी घडली, हे पाहण्यासारखे आहे. यंत्रास जी अक्षरे दिली तीच ते जुळवून पाहते. ‘पाणी’ ही अक्षरमालिका ‘पाणक्या’ या शब्दात नाही. म्हणून यंत्राने तो दाखविला नाही, आणि यंत्राच्या दृष्टीने ते योग्यच होते. शोध घेणारास आपण काय शोधतो आहो हे आधीच ठाऊक असावे लागते. कोश वाचणारावर ते बंधन नसते. त्याची दृष्टी इष्ट शब्दाकडे जाताना वाटेतील शब्दांवरून जाते, आणि वर्णक्रमामुळे हे वाटेतील शब्द पुष्कळदा त्याच कुळातील असतात. अन्त्य स्वर गळालेले ‘पाण-’ हे रूप एकदा डोळ्यांत भरले, म्हणजे मन आपोआप इतरत्र धाव घेते. घोडा या शब्दापासून घोडदळ व घोडचूक, आंबा या शब्दापासून आमरस व आमराई. मग पुढचा प्रश्न उभा राहतो: पाणीपुरवठा किंवा घोडागाडी यांत स्वर का टिकला? पाणीपुरवठा, पाणीटंचाई हे अर्वाचीन नागरी व्यवहारातील शब्द आहेत. जुन्या घडणीच्या समासांत स्वरलोप व नव्या समासांत स्वररक्षण, अशी विभागणी सुचते न सुचते तोच ‘पाणबुडी’ हा शब्द तिला आडवा येतो. कारण विसाव्या शतकातील युद्धनौकेस नाव देतानाही भाषेने जुनाच साचा वापरला. विधान, अपवाद आणि अपवादामुळे सुधारलेले विधान असा हा क्रम आहे. छापील कोशाच्या वाचनातील आनंद म्हणून जो मी सांगू इच्छितो तो हाच. आपल्याला अगोदरच ठाऊक असलेल्या गोष्टींमधील नियम अकस्मात दिसणे, असे त्याचे स्वरूप आहे.

दुसरी एक अडचण लेखनाची. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने स्वीकारले आणि व्युत्पत्तिदर्शक व व्याकरणदर्शक अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या कोशांत नांव, गांव, पांच, बोलणें अशी रूपे आहेत. आजचा विद्यार्थी अनुस्वारावाचून शब्द टंकतो. यंत्र काटेकोर जुळणीवर चालत असेल तर त्यास नकार मिळतो, आणि नकार म्हणजे अभाव असा त्याचा ग्रह होतो. पानावर मात्र ‘बोलणें’ समोर येते आणि तो बिंदू नपुंसकलिंगाची खूण म्हणून स्वतःच काही शिकवितो.

याउलट, जे पडद्यास साधते ते छापील कोशास साधत नाही, हेही निःसंकोचपणे सांगितले पाहिजे. ‘-कट’ या प्रत्ययाने संपणारे मळकट, तेलकट, मातकट, पोरकट हे शब्द वर्णक्रमाने दूर दूर विखुरलेले असतात. ते गोळा करण्यास वाचकाचे महिने जातील, यंत्रास क्षण पुरेल. शिवाय छापील पानाची प्रतिमा पडद्यावर पाहिली, तर शेजारचे शब्द तेथेही दिसतात. तेव्हा दोष काचेचा नसून तुकडा तोडून देण्याच्या पद्धतीचा आहे. तथापि प्रतिमेत ग्रंथाची जाडी नसते. डाव्या हातात किती पाने गेली व उजव्या हातात किती राहिली यावरून शब्दाचे स्थान लक्षात ठेवण्याची सोय तीत राहत नाही.

पाब्लो देलगादो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध केले. त्यात १,७०,००० हून अधिक वाचकांचा समावेश होता. आकलनाच्या बाबतीत कागद सरस ठरला. परंतु तो माहितीपर मजकुराच्या संदर्भात. केवळ कथात्म मजकुरात तसा फरक आढळला नाही. छापील ग्रंथाचे बहुतेक गुणगान कादंबऱ्या व कथा यांच्या निमित्ताने होते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे आपले समर्थक चुकीच्या आघाडीवर लढत आहेत असे म्हणावे लागते.

कोश संगणकावर उपलब्ध आहेत, या सबबीवर त्यांचे खंड उघड्या फडताळांतून काढून गोदामात ठेवण्याचा विचार ग्रंथालयांतून बोलला जातो. जागेची अडचण खोटी नाही. परंतु गोदामातील कोश मागणीपत्र भरून मागवावा लागतो, आणि मागणी करावयाची तर काय हवे ते आधी ठाऊक असावे लागते. म्हणजे ग्रंथही पुन्हा यंत्रासारखाच होतो. पदव्युत्तर वर्गास आठवड्यातून एक तास तरी कोशाचे एक पान प्रारंभापासून शेवटपर्यंत वाचावयास द्यावे, एवढीच माझी सूचना आहे. त्या विद्यार्थिनीने आपले दुसरे प्रकरण पुन्हा लिहिले. नव्या तक्त्याचा पहिला रकाना तिने ‘पाणक्या’पासून सुरू केला होता, आणि या वेळी स्वाक्षरी करण्यापूर्वी मी ते पान स्वतः उघडून पाहिले.