उद्धार की उधार?

आमच्या बँकेचं बोधचिन्ह हा समीक्षेचा विषय आहे, हे मला नोकरीला अठरा वर्षं झाल्यावर कळलं. तोवर, काउंटरवरच्या सूचनेकडे ग्राहक पाहतात तसा, म्हणजे न पाहता, मी त्याच्याकडे पाहत आलो होतो.

चिन्हात काय नाही? दातेरी चक्र आहे, गव्हाच्या ओंब्या आहेत, हस्तांदोलन आहे, नांगर आहे, उगवता सूर्य आहे आणि मधोमध समई. एकूण वस्तू नऊ. त्या वेळी संचालक अकरा होते. दोघे त्या सभेला गैरहजर असावेत. खाली कमानीसारखं लिहिलेलं ब्रीदवाक्य : ‘विना सहकार नाही उद्धार’.

दारावरच्या बारा फुटी बोर्डावर हे सगळं झकास दिसतं. समईच्या वाती मोजून घ्या. पासबुकावर आलं की हस्तांदोलन कणीस सोलल्यासारखं दिसू लागतं. आणि इंचभराच्या रबरी शिक्क्यात? तिथं शाई बारीक फटींत शिरते आणि नऊच्या नऊ वस्तू एकाच डागात सहकार करतात. ब्रीदवाक्यातला ‘द्ध’ बुजतो आणि पुढं उरतं ते ‘नाही उधार’. कर्जविभागाचं म्हणणं, हेच धोरण जास्त खरं आहे.

मी पडलो कॉमर्सवाला. चित्रकलेत सूर्य आणि दोन डोंगर यांपुढं मजल गेली नाही. पण ताळेबंदात जशी एक रक्कम दोनदा धरायची नाही, तसं चिन्हात एका गोष्टीला एकच जागा, एवढं मलाही समजतं. स्टेट बँकेचं चिन्ह पाहा. १९७१ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामतांनी केलेलं. निळं वर्तुळ, मध्ये भोक, खाली फट. संपलं! इमारतीवर लावा नाही तर चेकच्या कोपऱ्यात छापा, भोक भोकच राहतं. (दुसऱ्या बँकेचं कौतुक करतोय, हे साहेबांच्या कानावर जाऊ नये.)

अ‍ॅपल कंपनीचं पहिलं चिन्ह १९७६चं. त्यात झाडाखाली बसलेला न्यूटन होता, अगदी आमच्या संचालकांना आवडावं असं. वर्षभरात ते गेलं आणि रॉब जॅनॉफ यांनी सफरचंद काढलं. त्याला चावा का? तर लहान आकारात ते चेरी वाटू नये म्हणून! एका चाव्यात मापाचा प्रश्न सुटला. आमच्याकडे चावे पुष्कळ, पण ते बजेटला.

खिळे जुळवून छापण्याच्या काळातले कारागीर हे ओळखून होते. मोठा टाइप नुसता आकसून ते लहान करीत नसत. प्रत्येक मापाचा ठसा वेगळा कोरत आणि लहान अक्षराच्या पोटात जागा जास्त मोकळी सोडत. आता संगणकावर कोपरा धरून ढकललं की झालं लहान. मोबाइलवरच्या आमच्या अ‍ॅपचं चिन्ह असंच ढकललेलं आहे. आमच्या सौ.ना ते झुरळ वाटलं.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण एक दिवस भाजीवाल्या मावशी मुदत ठेवीची पावती घेऊन काउंटरवर आल्या. चाळीस हजार. वाचता येत नाही. बँक ओळखायची ती बोर्डावरच्या दिव्यावरून. पावतीवरच्या शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “सायेब, ह्यो डाग कुनाचा?”

“मावशी, आपल्याच बँकेचा शिक्का आहे तो.”

“मंग दिवा कुटं हाय?”

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दिवा मलाही दिसेना. त्यांना बाहेर बोर्डाखाली नेलं, बँकेचं नाव अक्षर न् अक्षर पावतीशी ताडून दाखवलं. त्या वर बघत, खाली बघत. शेवटी म्हणाल्या, “तिकडं पेटलाय, हितं इझलाय.”

अठरा वर्षांत आमच्या चिन्हावर याहून नेमकी टीका मी ऐकलेली नाही.

पावतीवर पेन चालवायची सोय नाही. ऑडिटर जीव घेतील. मी पावती एका पाकिटात घातली आणि पाकिटावर बॉलपेननं समई काढली. एक उभी रेघ, वर वाटी, वर ज्योत. चक्र नाही, नांगर नाही. मावशींनी पाकीट हात लांब करून पाहिलं, मग कमरेच्या पिशवीत ठेवलं.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाला आल्या तेव्हा पावती नवी घेतली. पाकीट मात्र बदलू दिलं नाही.