पाच धावांचे चरित्र

मराठी क्रिकेटलेखनाने 1971 सालच्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर अपार प्रेम केले आहे. वाडेकरांचे नेतृत्व, मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या धावा, सुनील गावसकरांचा उदय हे सारे आपल्याला तोंडपाठ आहे. ते प्रेम रास्तच आहे. परंतु या लेखनाबद्दल माझी एक तक्रार आहे. त्याच संघात हैदराबादचे पाच खेळाडू होते, आणि आपल्या कथनात ते जेमतेम नावापुरते उरतात. जयसिंहा आणि आबिद अली यांची आठवण तरी निघते. गोविंदराज, कृष्णमूर्ती आणि केनिया जयंतीलाल यांचे काय?

जयंतीलालचेच उदाहरण घेऊ. 1948 साली हैदराबादेत जन्मलेल्या या सलामीवीराने रणजी पदार्पणातच आंध्रविरुद्ध शतक ठोकले. पुढे प्रथम श्रेणीत साडेचार हजारांहून अधिक धावा आणि आठ शतके त्याच्या नावावर जमा झाली. फेब्रुवारी 1971 मध्ये किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत तो सलामीला उतरला आणि शिलिंगफर्डच्या चेंडूवर स्लिपमध्ये सोबर्सच्या हाती गेला. धावा पाच. त्याची कसोटी कारकीर्द तेवढीच. बोट चिघळल्यामुळे ती कसोटी हुकलेले गावसकर पुढच्या सामन्यात आले आणि चार कसोटींत 774 धावा करून गेले.

इथे आपला लेखक ‘संधीचे सोने करता आले नाही’ असे लिहून मोकळा होतो. मला हे वाक्य आळशी वाटते, कारण धावफलकातच दुसरे सत्य आहे. पावसाने पहिला दिवस वाया गेला, म्हणून फॉलोऑनसाठी दीडशे धावांची आघाडी पुरेशी ठरली. सरदेसाईंच्या 212 धावांमुळे भारताने 387 केल्या, वेस्ट इंडीज 217 मध्ये आटोपला आणि वाडेकरांनी सोबर्सना पुन्हा फलंदाजी करायला सांगितले. भारतीय क्रिकेटच्या स्वाभिमानाचा तो क्षण म्हणून आपण तो गौरवतो. पण त्याच क्षणामुळे भारताचा दुसरा डाव झालाच नाही आणि जयंतीलालला पुन्हा बॅट हाती घेता आली नाही. एकाच घटनेने इतिहास घडला आणि एका माणसाची वाट बंद झाली. या योगायोगाकडे कादंबरीकाराचे लक्ष जायला हवे होते, निदान समीक्षकाचे तरी.

बाकी दोघांची कहाणीही अशीच. यष्टिरक्षक कृष्णमूर्ती त्या मालिकेतल्या पाचही कसोट्या खेळला आणि नंतर एकही नाही. इंग्लंडमध्ये फारुख इंजिनीअर परतले. वेगवान गोलंदाज गोविंदराज वेस्ट इंडीज आणि इंग्लंड हे दोन्ही दौरे करूनही कसोटीविना राहिला. फिरकीवर विसंबलेल्या त्या संघात चेंडूची लकाकी घालवण्यापुरतेच वेगवान गोलंदाजीचे काम होते आणि ते आबिद अली व सोलकर करीत.

गावसकरांना बसवून जयंतीलालला खेळवायला हवे होते, असे म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. निवड योग्यच होती. माझा आक्षेप मूल्यमापनाच्या रीतीला आहे. निवड ही जागेची गोष्ट, तर मूल्यमापन ही साऱ्या कामाची. बदली खेळाडू म्हणून मिळालेल्या एका डावावरून दहा हंगामांचा निकाल लावणे ही समीक्षा नव्हे.

बीदर, गुलबर्गा, आदिलाबाद, हैदराबाद इथल्या मराठी वाचकाला हे अधिक जाणवावे. पुण्या-मुंबईच्या मासिकात इथल्या लेखकाची एखादी कथा छापून येते, ती फिकी निघाली तर ‘सीमाभागातले लेखन’ असा शिक्का बसतो, आणि पुढच्या दहा कथा कोणी मागवत नाही. केंद्रातल्या माणसाला दुसरा डाव गृहीत असतो. कडेच्या माणसाचा पहिलाच शेवटचा ठरतो.

म्हणून प्रांतिक खेळाडूचे चरित्र लिहिणाऱ्याने कसोटीच्या आकड्यापासून सुरुवात करू नये. फतेह मैदानावरच्या रणजी सामन्यांपासून, मोईन-उद-दौला स्पर्धेपासून, त्याच्यासोबत नि त्याच्याविरुद्ध खेळलेल्यांपासून सुरुवात करावी. पाच हा आकडा त्यात यावाच, पण एका दिवसाची नोंद म्हणून. असे चरित्र मराठीत कोणी लिहिले, तर ते लिहिण्याचा पहिला हक्क मुंबईकराचा नाही, दोन भाषांत धावसंख्या ऐकत वाढलेल्या आपल्यापैकीच कोणाचा तरी आहे.