कल्पित राजघराण्याची सामूहिक घडण : वगाच्या संदर्भात एक विचार

१

कल्पित राजघराणे उभे करणे हा कथाकाराचा पुरातन उद्योग होय. राजा, राणी, प्रधान, शत्रूचे राज्य आणि वारसाचा प्रश्न एवढी सामग्री हाती असली, की कथेला आरंभ करता येतो. परंतु हेच घराणे एकट्या लेखकाने न निर्मिता चारसहा जणांनी एकत्र बसून, एकमेकांच्या संमतीने निर्माण करावयाचे ठरविले तर त्याचे स्वरूप काय होते, याचा विचार आपल्या समीक्षेत फारसा झालेला नाही. प्रस्तुत लेखात तो काही अंशी करावयाचा आहे.

या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यास एक अर्वाचीन निमित्त आहे. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून ‘रोलप्लेइंग गेम’ या नावाने एक नवा क्रीडाप्रकार रूढ झाला. त्यास येथे ‘भूमिकाखेळ’ म्हणू. खेळाडू मेजाभोवती बसतात. एकेक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. एक सूत्रधार प्रसंग मांडतो. संशय पडेल तेथे फासे निर्णय देतात. पुढे २००९ मध्ये ग्रीन रोनिन या प्रकाशनसंस्थेने जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवर आधारलेला असाच एक खेळ सिद्ध केला. त्याचा विशेष असा, की व्यक्तिगत पात्रे निर्माण करण्यापूर्वी सर्व खेळाडूंनी मिळून एक सरदारघराणे निर्माण करावे, अशी त्यात योजना आहे. संरक्षण, वजन, जमीन, कायदा, लोकसंख्या, लष्करी बळ आणि संपत्ति अशी घराण्याची सात अंगे मानून प्रत्येकास फाशांनी अंक दिला जातो. नंतर इतिहास ठरतो : उत्कर्ष, पराभव, फितुरी, अपकीर्ति यांपैकी ज्या घटना फाशांतून निघतील त्यांनुसार ते अंक वाढतात वा घटतात. अखेरीस ध्वजचिन्ह, बोधवाक्य आणि कुटुंबातील माणसे येतात.

या योजनेत एक मार्मिक जाण आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. व्यक्ति आधी आणि घराणे मागाहून, असा कादंबरीचा सामान्य क्रम येथे उलटा केलेला आहे. पूर्वजांचा पराभव हा नातवाच्या वाट्याला आलेल्या ओसाड जमिनीत दिसतो. तथापि या घडणीत एक उणीव आहे, आणि ती किरकोळ नाही. ती कोणती हे समजण्यास आपल्याच प्रदेशातील सामूहिक निर्मितीकडे वळले पाहिजे.

२

मराठीत ‘घराणे’ या शब्दात केवळ रक्तसंबंध अभिप्रेत नाही. इतरांनी दिलेली मान्यताही त्यात अंतर्भूत आहे. मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांचे कागद पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. वतनावर हक्क सांगणारा आपला करीना लिहून देई : मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, गाव कसे वसविले, कोणत्या संकटात वतन गेले व परत मिळाले. परंतु एवढ्याने घराणे सिद्ध होत नसे. गोतसभा बसे. तिच्यात देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर बलुतेदारही हजर असत. निवाड्याच्या महजरावर आरंभी त्या हजीर मजालशीची नावे येत आणि साक्षी म्हणून निशाण्या उमटत. पाटलाचा नांगर, तसे ज्याच्या त्याच्या व्यवसायाचे हत्यार. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात या सभांचे कार्य तपशिलाने मांडले आहे.

साहित्याच्या दृष्टीने या व्यवहाराचे महत्त्व असे, की येथे घराण्याची कथा एक पक्ष सांगतो आणि त्या घराण्याबाहेरची माणसे तिला होय किंवा नाही म्हणतात. सुताराचे वा महाराचे सामाजिक स्थान खालचे मानले जाई, हे खरेच. सभेतील सर्वांचा शब्द सारख्याच वजनाचा होता असेही नव्हे. तरीही पाटलाची पाटीलकी त्यांच्या साक्षीवाचून पुरी होत नसे. घराणे हे घराण्याबाहेरच्यांनी घडवावयाचे असते, हा या व्यवहाराचा गाभा होय.

३

हाच गाभा कल्पनेच्या क्षेत्रात पाहावयाचा असेल तर तमाशाच्या वगाकडे गेले पाहिजे. आणि त्यासाठी पुणे जिल्ह्याचा उत्तर भाग हे योग्य स्थळ आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे जत्रांच्या हंगामापूर्वी फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या देतात. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव याच परिसराचे. आपल्या नावात येमाईचे नाव धारण करणाऱ्या या गावाने तमाशाला एक वगकार दिला : बशीर कमरुद्दीन मोमीन, म्हणजेच बी. के. मोमीन कवठेकर. १९४७ मध्ये जन्मलेल्या या लेखकाने गण, गवळण, लावणी आणि वग हे सारे प्रकार हाताळले. ‘भंगले स्वप्न महाराष्ट्रा’ व ‘सुशीला, मला माफ कर’ ही त्यांची नावाजलेली वगनाट्ये होत. २०१८ चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

कवठेकरांसारख्या लेखकाचे नाव घेताच अभ्यासक एक गृहीत धरतो, की वग म्हणजे त्यांनी लिहिलेली संहिता. हे गृहीत तपासून घेतले पाहिजे. १८६५ च्या सुमारास उमा सावळजकरांचा ‘मोहना-बटाव’ आला आणि वगाची परंपरा सुरू झाली, असे मानतात. त्या काळापासून वगाची रूढ रीत अशी, की कवीने रचलेली कवने नायकाने म्हणावयाची, कथानकाचा सांगाडा सर्वांना ठाऊक असावयाचा आणि गद्य संभाषण मात्र ज्याचे त्याने रंगमंचावर उभे राहून रचावयाचे. ‘मिठाराणी’सारखा पठ्ठे बापूरावांचा वगही अशाच रीतीने फडात नांदला. पुढे संहिता शासकीय परिनिरीक्षणासाठी सादर करण्याची अट आली आणि लिखित पानांचे महत्त्व वाढले. तथापि फडाची मूळ सवय मोडली नाही. लेखक घराण्याचा पाया आखून देतो, भिंती मात्र फड रचतो.

वगातील दरबार कसा उभा राहतो ते पाहा. पडदा नाही, सिंहासन नाही. फार तर एक खुर्ची. फेटा बांधलेला, कमरेला तलवार लावलेला एक नट पुढे येतो आणि दुसऱ्यास ‘प्रधानजी’ म्हणून हाक मारून राज्याची हालहवाल विचारतो. त्या क्षणापर्यंत तो राजा नाही. दुसरा नट मुजरा करून उत्तर देतो तेव्हा पहिला राजा होतो आणि दुसरा प्रधान. सुरते ‘जी जी’ करून त्यास दुजोरा देतात. दोघे रंगमंचाला एक फेरी घालतात आणि मुक्काम बदलतो. राजवैभव असे केवळ संबोधनातून आणि परस्परांच्या कबुलीतून निर्माण होते. भूमिकाखेळाच्या मेजावर घडते तेच येथे घडते. भेद इतकाच, की फाशांचे काम येथे हजरजबाबीपणा करतो.

परंतु वग येथे थांबत नाही. प्रधानाने राज्यात सर्व आबादीआबाद असल्याचे सांगितले, की सोंगाड्या पुढे सरसावतो. तो शिपाई असेल, हवालदार असेल किंवा नुसता वाटसरू. प्रजा सुखी आहे हे विधान तो शब्दशः घेतो आणि आपल्या घरातील चुलीची अवस्था सांगू लागतो. राजाने आज्ञा दिली तर तो तिचा अर्थ विचारतो. अर्थ कळला तर मजुरी विचारतो. दरबाराची जी संमति इतरांनी मुकाट्याने दिली, ती देण्यास हा एकटा नकार देतो. आणि मौज अशी, की या नकारामुळे दरबार कोसळत नाही, उलट खरा वाटू लागतो. ज्या राज्यात कोणीच कुरकुरत नाही ते राज्य चित्रातले. ज्यात शिपाई पगार मागतो ते गावातल्या माणसाच्या ओळखीचे.

वसंत सबनीस यांच्या १९६५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने हे तत्त्व शहरी प्रेक्षकांपुढे ठेवले. तेथे राजा आहे, प्रधान आहे, रिकामी झालेली कोतवालाची जागा आहे. पण नाट्याचा केंद्रबिंदु हवालदार आहे, आणि दादा कोंडके यांनी ती भूमिका ताज्या घडामोडींवरील उत्स्फूर्त टिप्पणीने प्रयोगागणिक नवी केली. दादू इंदुरीकरांच्या नावाशी एकरूप झालेल्या ‘गाढवाचं लग्न’ या वगात तर राजघराण्याची प्रतिष्ठा एका कुंभाराच्या आणि त्याच्या गाढवाच्या दारात येऊन ठेपते.

४

आता भूमिकाखेळातील उणीव काय, ते सांगता येईल. त्या खेळात ‘लोकसंख्या’ हा अंक आहे आणि ‘कायदा’ हाही अंक आहे. रयत जास्त असेल तर अंक मोठा, दरोडे वाढले तर अंक लहान. पण अंक बोलत नाही. मेजाभोवतीची सारी मंडळी बहुधा घराण्याच्या आतली असतात : कोणी वारस, कोणी धाकटा भाऊ, कोणी विश्वासू सेनानी. रयतेच्या तोंडी शब्द घालण्याचे काम एकट्या सूत्रधाराकडे उरते. सहा जणांनी एकमताने निर्माण केलेले हे घराणे म्हणूनच अनेकदा एकमुखी होते. कर्त्यांची संख्या वाढली तरी दृष्टिकोण एकच राहिला, तर त्या निर्मितीस सामूहिक म्हणणे हे गणिताने बरोबर असेल, साहित्यविचाराने नाही.

वगात स्थिति नेमकी उलट आहे, आणि तिला सामाजिक कारण आहे. तमाशाचे कलावंत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी या समाजांतून आले. ज्यांना प्रत्यक्षातील वाड्याच्या सदरेवर बसता येत नव्हते तेच रंगमंचावर सदर निर्माण करीत. राजा होणारा नट आणि राजाची फिरकी घेणारा नट एकाच राहुटीत जेवत. त्यामुळे त्यांच्या हातून घडलेल्या घराण्यात वैभवाची हौस आहे, पण वैभवाविषयी भाबडेपणा नाही. कवठे येमाईसारख्या गावातील एका मुसलमान लेखकाने वग रचावेत आणि फडांनी ते गावोगावच्या जत्रांत उभे करावेत, यातही तेच सूत्र आहे. महजरावर बलुतेदाराच्या निशाणीने जे काम केले, ते वगात सोंगाड्याच्या बोलण्याने केले.

५

याविरुद्ध दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा, की वगातील राजघराणे ठोकळेबाज असते. त्यास वंशावळ नसते, पूर्वज नसतात, कित्येकदा नावही धड नसते. काल रात्री ज्या राजाने राज्य गमावले तो आज दुसऱ्या गावात तितक्याच थाटात हालहवाल विचारतो. हे खरे आहे. भूमिकाखेळातील घराण्यास स्मृति असते. एका बैठकीत केलेला विश्वासघात पुढच्या बैठकीत भोवतो. काळाचे हे भान वगास नाही, आणि त्या बाबतीत तो उणा आहे हे कबूल केले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. सोंगाड्या राजास हसतो खरा, परंतु शेवटी राजा गादीवरच राहतो. मग हा नकार म्हणजे केवळ वाफ दवडणे नव्हे काय? माझ्या मते या आक्षेपाचे पूर्ण निरसन करता येत नाही. इतके मात्र म्हणता येईल, की वगाच्या अखेरीस गादीवर असलेला राजा आरंभीच्या राजासारखा नसतो. आरंभी त्याला प्रधानाची साक्ष पुरत होती. अखेरीस प्रेक्षकांनी शिपायाचीही साक्ष ऐकलेली असते. गादी तीच, पण ती आता तपासली गेलेली आहे. समाजात याने काय पालटले, हा इतिहासाचा प्रश्न. साहित्यकृतीत याने काय पालटले, हा आपला. आणि कृतीत पालटलेली गोष्ट म्हणजे सत्याचे प्रमाण.

६

या विवेचनातून अभ्यासाच्या दृष्टीने एक कर्तव्य निष्पन्न होते. वगाची चोपडी मिळाली, की तिचा पाठ शुद्ध करून लेखकाच्या नावावर मांडावा, ही आपली प्रचलित पद्धति. ती आवश्यक आहे. कवठेकरांसारख्या ग्रामीण लेखकांचे कर्तृत्व तिच्यावाचून नोंदलेच जाणार नाही. पण ती पुरेशी नाही. चोपडीच्या समासातील दुसऱ्या हाताची भर, एकाच प्रवेशाचे दोन फडांतील दोन प्रकार, सोंगाड्याने घातलेले आणि मागाहून सर्वांनी स्वीकारलेले वाक्य, यांची नोंद ही पाठभेदाची अडगळ नसून निर्मितीचा इतिहास होय. पदव्युत्तर विद्यार्थ्याने संहितेबरोबर फडातील वृद्ध कलावंतांची साक्षही घ्यावी, आणि कोणते वाक्य कोणाचे, हे जेथे सांगता येईल तेथे सांगावे.

भूमिकाखेळ खेळणाऱ्या तरुणांसही यातून एक सूचना घेता येईल. घराणे घडविताना ध्वज, बोधवाक्य आणि सात अंक ठरले, की आणखी एक भूमिका ठरवावी : वाड्याबाहेरच्या माणसाची, जो त्या घराण्याचा करीना ऐकून ‘हे असे नव्हे’ म्हणू शकेल. ती भूमिका मेजावरच्या सर्वांत चतुर खेळाडूस द्यावी. तमाशाच्या फडात सोंगाड्याचे काम कच्च्या नटाकडे कधीच दिले जात नाही.