फळीन् फळी तपासलेली होडी

जुनी होडी मालकाकडून थेट घ्यायची म्हटली, की सगळा मामला एका प्रश्नाशी येऊन थांबतो: रंगाखाली काय आहे? मालक सांगेल त्यावर विसंबायचं, की फळीला टोच्या लावून पाहायचा? या व्यवहाराचं माझ्या वाचनातलं सर्वांत रंगतदार वर्णन एका प्रवासवर्णनाच्या पहिल्या प्रकरणात आहे. जोशुआ स्लोकमचं ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ १९०० साली प्रसिद्ध झालं. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. वाचक वादळांसाठी पुस्तक उघडतात. मला मात्र त्यातलं होडी ताब्यात घेण्याचं प्रकरण पुनःपुन्हा वाचावंसं वाटतं.

साल १८९२, कडाक्याचा हिवाळा, बॉस्टन. जन्मभर जहाजं हाकलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या कप्तानाला काम नाही. वाफेने शिडांचा जमाना संपवत आणलाय आणि चांगली चांगली जहाजं कोळसा वाहण्याच्या लायकीवर आली आहेत. गोदीत राबायचं तर आधी संघटनेकडे पन्नास डॉलर भरायचे. अशा वेळी देवमाशांच्या शिकारीवर जाणारे जुन्या ओळखीचे कप्तान एबेन पीयर्स भेटतात. फेअरहेवनला ये, तुला जहाज देऊन टाकतो, म्हणतात. थोडी दुरुस्ती तेवढी लागेल, असंही सांगतात. स्लोकम दुसऱ्या दिवशी तिथे पोचतो. पाहतो तर काय, पाण्यापासून बऱ्याच अंतरावर, शेतात टेकू लावून, कॅनव्हासखाली झाकलेली एक पुरातन होडी. नाव ‘स्प्रे’. सात वर्षं या होडीपायी लोक पीयर्सना हसत होते. आता ते हसू स्लोकमच्या पदरात पडलं.

इथे दुसरा लेखक फसवणुकीचं रडगाणं गायला असता. स्लोकम मित्राला बोल लावत नाही की परतीची वाट धरत नाही. पीयर्सच्या ‘थोड्या’ दुरुस्तीची चेष्टाही तो शब्दांनी करत नाही. ती दुरुस्ती कशी झाली, एवढंच पुढची काही पानं शांतपणे सांगत राहतो. विनोद त्या शांतपणातच आहे. गावात कुजबुज सुरू होते, ही होडी मोडायला कुणीतरी आलंय वाटतं. मोडायची नाही, नव्याने बांधायचीय, हे कळल्यावर एकच सवाल उरतो: यातून सुटणार काय? वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ त्याला तेच विचारलं जातं. नफ्यातोट्याची भाषा गावाच्या तोंडी आणि कुऱ्हाड त्याच्या हाती, असा हा जोड आहे.

मग लाकूडकाम येतं. तळाच्या कण्यासाठी जवळपासचाच एक दणकट ओक तो स्वतः तोडतो. फासळ्यांसाठी कोवळी झाडं वाफेवर मऊ करून ओंडक्यावर वाकवतो. दीड इंच जाडीच्या जॉर्जिया पाइनच्या फळ्या, त्यांना घट्ट आवळणारे बोल्ट, सांध्यांत ठासलेलं सूत: सगळं तो क्रमाने सांगतो. सर्वांत जवळून पाहावी ती होडीच्या टोकाची तुळई. ती कुरणातल्या ओकच्या बुंध्यातून काढलेली. हिनेच पुढे कीलिंग बेटांजवळ प्रवाळाचा एक थर दुभंगला आणि तिला ओरखडाही उठला नाही, हे स्लोकम इथेच सांगून टाकतो. होडी अजून पाण्यात उतरलेली नाही, आणि हिंदी महासागरातला निकाल आधीच हाती! उत्कंठा राखणारा लेखक असं करणार नाही. पण स्लोकमला उत्कंठेपेक्षा खात्री मोलाची वाटते. लाकूड निवडतानाच तो त्याच्या पुढच्या वागणुकीची हमी देतो.

जुनं एकेक काढून नवं बसवत गेल्यावर होडी तीच राहिली का? स्लोकम यावर जहाजांच्या विमाव्यवहारातल्या लॉइड्सच्या नियमाचा दाखला देतो: दुरुस्त होत होत पूर्ण नवं झालेलं जहाजही जुन्याच नावाचं राहतं. जुनी ‘स्प्रे’ नेमकी कधी संपली आणि नवी कधी सुरू झाली, हे आपल्यालाही सांगता येणार नाही, अशी कबुली तो देतो. पीयर्सनी त्याला दिलं काय, याचं उत्तर इथे मिळतं. लाकूड जवळजवळ सगळं बदललं. टिकला तो आकार आणि टिकलं ते नाव.

हिशोब मात्र रोखठोक. सामानाला ५५३ डॉलर ६२ सेंट आणि स्वतःचे तेरा महिन्यांचे कष्ट. वरचे बासष्ट सेंट त्याने सोडले नाहीत. प्रेमात पडलेला माणूस सहसा खर्च लपवतो. हा छदामापर्यंत मांडतो. नंतर एक हंगाम मासेमारी केली, तर गळाला नीट आमिष लावायचीही अक्कल आपल्याला नाही, हा शोध लागला. म्हणजे गावाच्या सवालाचं उत्तर ‘सुटलं काहीच नाही’ असं निघतं, आणि तेही तो हसतहसत देतो. हाच काटकसरी गिऱ्हाईक पुढे यार्माउथला दीड डॉलरचं पत्र्याचं घड्याळ, तबकडी फुटलेली म्हणून, एका डॉलरला घेतो आणि पृथ्वीप्रदक्षिणेत वेळ पाहायला तेच वापरतो. कशातली खोट चालेल आणि कशातली नाही, हे त्याला पुरतं कळलेलं आहे. तबकडीचा तडा चालतो, कण्याचा नाही.

२४ एप्रिल १८९५ रोजी तो बॉस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतला. मधल्या सेहेचाळीस हजार मैलांत मॅगेलनच्या सामुद्रधुनीपलीकडचं वादळ येतं, तेव्हा वाचक माणसासाठी घाबरतो, होडीसाठी फारसा घाबरत नाही. तिची प्रत्येक फळी आपण त्याच्यासोबत तपासून घेतलेली असते. साहसकथेतली होडी बहुधा लेखकाच्या शब्दावर तरंगते. ‘स्प्रे’ पहिल्या प्रकरणातल्या सुतारकामावर तरंगते, आणि पुढच्या वादळांवर आपला विश्वास बसतो तो त्या सुतारकामामुळेच.