मोडीचा भाव : वाहन मोडीत काढण्याचे धोरण आणि एका ट्रकचा मालक

प्रस्तावना

तांब्या-पितळेची भांडी कासाराकडे मोडीत देऊन नवी भांडी घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कासार मोड तोलतो, घट वजा करतो आणि उरलेल्या वजनाचा भाव नव्या भांड्याच्या किमतीतून कमी करतो. या व्यवहारात हंडा किती वर्षे वापरला, तो अजून गळत नाही ना, त्यात रोज किती पाणी भरले जात होते, या गोष्टींना किंमत नसते. भाव फक्त धातूला असतो. केंद्र शासनाने १ फेब्रुवारी २०२१ रोजीच्या अर्थसंकल्पात सूतोवाच केलेले आणि १३ ऑगस्ट २०२१ रोजी औपचारिकरीत्या सुरू केलेले वाहन मोडीत धोरण वाचताना प्रस्तुत लेखकास या कासाराच्या तराजूची वारंवार आठवण झाली. हंडा मोडीत निघाला तरी घरातील चूल बंद पडत नाही. ट्रकचे तसे नाही. ज्याच्याकडे एकच ट्रक आहे त्याची चूल त्या ट्रकवर पेटत असते.

प्रस्तुत लेखात सदर धोरणाची चिकित्सा एका ट्रकच्या मालकाच्या बाजूने करण्याचा प्रयत्न केला आहे. खाजगी मोटारींचा विचार येथे केलेला नाही. धोरणाच्या हेतूविषयी लेखकास शंका नाही. जुनी, निकामी वाहने रस्त्यावरून हटावीत, हवा सुधारावी, पोलाद पुन्हा वापरात यावे, या गोष्टींना विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो हेतूची किंमत कोणी मोजायची, हा.

‘ट्रक’ या शब्दाची फसगत

या विषयावर लिहिताना अमेरिकेतील २००९ च्या योजनेचा दाखला हमखास दिला जातो. तो देताना एक मूलभूत घोटाळा होतो, म्हणून त्या योजनेकडे थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे.

आर्थिक मंदीच्या काळात २४ जून २००९ रोजी अमेरिकेत हा कायदा झाला. जुने वाहन देऊन अधिक इंधनक्षम नवे वाहन घेणाऱ्यास संघराज्य सरकारकडून ३,५०० किंवा ४,५०० डॉलर मिळत. जुने वाहन चालू स्थितीत असणे, किमान एक वर्ष सलग त्याच मालकाच्या नावे नोंदलेले व विमा उतरविलेले असणे, या अटी होत्या. म्हणजे अंगणात गंजत पडलेल्या सांगाड्यावर पैसे उचलता येत नव्हते. जमा झालेल्या वाहनाच्या इंजिनातील तेल काढून त्यात सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतले जाई आणि इंजिन जागीच जाम होईपर्यंत चालविले जाई. (चालते इंजिन असे हेतुपुरस्सर मारणे आपल्याकडच्या एखाद्या मिस्त्रीस पाहवले असते, असे वाटत नाही.) पहिली १ अब्ज डॉलरची तरतूद काही दिवसांतच संपली, आणखी २ अब्ज डॉलर द्यावे लागले आणि २४ ऑगस्ट २००९ रोजी योजना बंद झाली. तोवर सुमारे ६ लाख ७८ हजार वाहने मोडीत निघाली होती.

मोडीत निघालेल्या या वाहनांपैकी बहुतांश ‘ट्रक’ होते, असे अमेरिकी सरकारची आकडेवारी सांगते. परंतु अमेरिकी भाषेत ट्रक म्हणजे पिकअप आणि एसयूव्हीसुद्धा. ही घरगुती वापराची वाहने होत. ज्यास आपण ट्रक म्हणतो, ज्यावर दहा-पंधरा टन माल चढतो, तो या योजनेत नव्हताच. कामासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रकांचा जो स्वतंत्र वर्ग योजनेत होता, त्याची वजनमर्यादा १०,००० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार टन होती. त्यातही २००१ किंवा त्याआधीचीच वाहने चालत आणि एकूण निधीपैकी साडेसात टक्क्यांहून अधिक रक्कम या वर्गावर खर्च करता येत नव्हती. त्याच वर्षी जर्मनीत २,५०० युरोंचे अनुदान देणारी योजना आली, तीदेखील खाजगी मोटारींसाठी होती. ती इतकी गाजली की तिचे नाव त्या देशात ‘वर्षाचा शब्द’ ठरले.

तात्पर्य, ज्या परदेशी योजनांच्या यशाचे दाखले दिले जातात त्यांनी अवजड मालवाहू ट्रकला हातच लावलेला नाही. त्यांचे यशही वादातीत नाही. अतीफ मियाँ व अमीर सूफी यांच्या अभ्यासानुसार अमेरिकेतील योजनेमुळे दोन महिन्यांत सुमारे ३ लाख ७० हजार जादा वाहने विकली गेली, परंतु ती मागणी नजीकच्या भविष्यातूनच उसनी आणलेली होती आणि मार्च २०१० पर्यंत तिचा परिणाम जवळजवळ पुसला गेला. होएकस्ट्रा, पुलर व वेस्ट या अभ्यासकांनी टेक्सासमधील खरेदीवरून दाखविले की, लोकांनी अटीपायी लहान व स्वस्त मोटारी घेतल्यामुळे वाहन उद्योगाचे उत्पन्न उलट घटले. उद्योगाला हात देण्यासाठी काढलेली योजना उद्योगालाच तोट्याची ठरावी, ही गोष्ट आपल्याकडील धोरणकर्त्यांनी अधिक लक्षपूर्वक वाचावयास हवी होती.

मोडीचा हिशेब

आता आपल्याकडील व्यवहार पाहू. अमेरिकेत पैसे सरकारने दिले. आपल्या धोरणात मालकास मिळणारा लाभ तीन निरनिराळ्या खिशांतून येतो. नोंदणीकृत मोडीत केंद्राकडून मिळणारा भाव नव्या वाहनाच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के असेल, असा शासनाचा अंदाज आहे. तो भंगाराच्या बाजारातून येतो. नव्या वाहनावरील सूट उत्पादकाने द्यावयाची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये व्यावसायिक वाहनांच्या उत्पादकांनी साडेतीन टनांवरील वाहन मोडीत काढल्यास ३ टक्के सूट दोन वर्षांसाठी मान्य केली. तिसरा लाभ राज्याच्या मोटार वाहन करातील सवलतीचा. व्यावसायिक वाहनास ती जास्तीत जास्त १५ टक्के, तीही आठ वर्षांपर्यंत. मालाच्या ट्रकचा कर वर्षागणिक भरणाऱ्यास या सवलतीचा दिलासा हप्त्यापुढे नगण्यच वाटतो. नोंदणी शुल्क माफ होते; अवजड वाहनास ते मुळातच दीड हजार रुपये आहे.

उदाहरणादाखल नव्या ट्रकची किंमत ३० लाख रुपये धरू. मोडीचा भाव १ लाख २० हजार ते १ लाख ८० हजार. उत्पादकाची सूट ९० हजार. एकूण २ लाख १० हजार ते २ लाख ७० हजार. उरलेल्या रकमेपैकी २७ लाख रुपये दहा टक्के व्याजाने पाच वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ५७ हजार रुपये पडतो. ज्या मालकाचा जुना ट्रक कर्जमुक्त आहे, ज्याला काम नसेल त्या महिन्यात गाडी झाडाखाली उभी करून ठेवणे परवडते, त्याने दरमहा ५७ हजारांचा हप्ता पत्करावा, अशी ही अपेक्षा आहे. हप्त्याची गाडी झाडाखाली उभी राहू शकत नाही.

दुसरी बाजू दंडाची. ऑक्टोबर २०२१ च्या अधिसूचनेने १५ वर्षांवरील अवजड व्यावसायिक वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राचे, म्हणजे बोलीभाषेत ‘पासिंग’चे, शुल्क १ एप्रिल २०२२ पासून १२,५०० रुपये ठरविले. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात वयाचे टप्पे पाडून ते पुन्हा वाढविण्यात आले आणि २० वर्षांवरील अवजड वाहनास २५ हजार रुपये झाले. ही वाढ मोठी वाटते. परंतु वरील हप्त्याशी ताडून पाहिल्यास २५ हजार रुपये म्हणजे जेमतेम दोन आठवड्यांचा हप्ता. म्हणून एका ट्रकचा मालक कुरकुरत शुल्क भरतो किंवा पासिंग न करताच गाडी आडरस्त्याने चालवितो. पहिल्या बाबतीत धोरणाने केवळ महसूल मिळविला, दुसऱ्या बाबतीत तोही नाही आणि रस्त्यावर विनातपासणी, बहुधा विनाविमा ट्रक मात्र आला.

यातील सर्वांत विचारार्ह बाब मोडीनंतर मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्राची आहे. हे प्रमाणपत्र विकता येते. वरकरणी ही सोय मालकाच्या हिताची आहे. ज्यास नवा ट्रक घ्यावयाचा नाही तो प्रमाणपत्र विकून चार पैसे मिळवू शकतो. परंतु ते विकत कोण घेणार? ज्यास नवे वाहन घेण्याची ऐपत आहे, तोच. करसवलत आणि उत्पादकाची सूट ही त्याच्या पदरात पडते. जुना ट्रक देणारा या धंद्यातून बाहेर पडतो आणि, अनुभव असल्यामुळे, बहुधा त्याच नव्या ट्रकवर चालक म्हणून लागतो. मालकाचा चालक होण्याच्या या प्रवासाची नोंद धोरणाच्या कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

वय आणि धूर

जुनी वाहने सुस्थितीतील वाहनांपेक्षा १० ते १२ पट अधिक प्रदूषण करतात, असे धोरणाच्या समर्थनार्थ शासनाकडून सांगितले गेले. दर किलोमीटरचा हिशेब म्हणून ते मान्य करू. तथापि हवेत जाणारा एकूण धूर हा दर किलोमीटरचा धूर आणि धावलेले किलोमीटर यांचा गुणाकार असतो. ट्रकचे आयुष्य उतरणीचे असते. नवा ट्रक राष्ट्रीय परवान्यावर राज्याराज्यांतून धावतो. साध्या ट्रकला हा परवाना बारा वर्षांपर्यंत आणि अनेक आसांच्या ट्रकला पंधरा वर्षांपर्यंत मिळतो. त्यानंतर तो जिल्ह्यात उतरतो. पश्चिम महाराष्ट्रात तो हंगामात ऊस ओढतो, उन्हाळ्यात टाकी बसवून पाणी पोहोचवितो, एरवी विटा, खडी, बाजार समितीतील माल. वर्षातील कित्येक दिवस तो उभाच असतो. कमी धावणाऱ्या कामासाठी कमी किमतीची गाडी, ही ग्रामीण वाहतुकीने स्वतःच शोधलेली व्यवस्था आहे. चार महिन्यांच्या ऊस हंगामासाठी तीस लाखांचा ट्रक घेणे कोणासही परवडणार नाही, आणि घेतला तर वाहतुकीचा दर वाढून तो शेवटी उसाच्या बिलातून वळता होईल.

येथे धोरणाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्यावसायिक वाहन केवळ वय झाले म्हणून मोडीत काढण्याची सक्ती धोरणात नाही. स्वयंचलित केंद्रातील तपासणीत नापास झाल्यासच ते आयुष्य संपलेले ठरते. वयाची सरसकट अट १ एप्रिल २०२३ पासून शासकीय वाहनांना लागू झाली. तपासणी यंत्राने व्हावी, साहेबाच्या सहीने नव्हे, हे तत्त्व स्वागतार्हच आहे. पण मग वयानुसार शुल्क वाढविण्याचे प्रयोजन काय? पास झालेल्या ट्रकला त्याच्या वयाबद्दल दंड का? धूर मोजण्याचे यंत्र हाती असताना जन्मतारीख पाहून शुल्क आकारणे तर्काला धरून नाही.

मार्च २०२१ मध्ये संसदेत सांगण्यात आले की देशात १५ वर्षांहून जुनी आणि वैध योग्यता प्रमाणपत्र नसलेली १७ लाख मध्यम व अवजड व्यावसायिक वाहने आहेत. यांपैकी किती खरोखर रस्त्यावर आहेत? पूर्वी गाडी ‘कंडम’ झाली की ती भंगारवाल्याकडे जाई, कुर्ल्याच्या किंवा अशाच एखाद्या बाजारात तिचे सुटे भाग होत आणि नोंदणी रद्द करण्याच्या भानगडीत अनेक मालक पडत नसत. अशी वाहने कागदावर जिवंत आणि प्रत्यक्षात केव्हाच वितळलेली आहेत. त्यांना मोजून काढलेला लाभाचा अंदाज कितपत भरवशाचा, याचा विचार अभ्यासकांनी करावा.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाच्या चुलत्यांकडे २००७ सालचा सहाचाकी ट्रक होता. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांच्यासोबत एका मोडीत केंद्रात जाण्याचा योग आला. केंद्राचे नाव देण्याचे येथे प्रयोजन नाही. कागदपत्रे पाहण्यात आली. जुना बोजा उतरविल्याची नोंद नसल्याने वित्त कंपनीचा दाखला आणण्यास सांगण्यात आले. त्यानंतर काट्यावर वजन आणि किलोचा भाव. चुलत्यांनी दोन वर्षांपूर्वीच गिअरबॉक्स नवा बसविला होता, बॉडी लाकूड बदलून पुन्हा बांधली होती. त्याचा काही विचार होतो का, असे त्यांनी विचारले. लाकूड वजनातून वजा होते, असे उत्तर मिळाले. घट म्हणतात ती हीच.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो लेखकास या सर्व विवेचनाहून महत्त्वाचा वाटतो. ते म्हणाले, “साहेब, नवी गाडी आपल्याला झेपायची नाही. पण पाच-सहा वर्षं वापरलेली, कमी धुराची गाडी घेतली, तर या कागदावर तिला सूट मिळते का?”

हा प्रश्न पर्यावरणाच्या दृष्टीनेही बिनतोड आहे. भारत स्टेज-४ मानक देशभर एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज-६ एप्रिल २०२० पासून लागू झाले. २००७ च्या ट्रकच्या जागी २०१८ चा ट्रक आला तर धुरात मोठी घट होईल आणि कर्ज निम्म्याहून कमी लागेल. ठेव प्रमाणपत्रावरील सवलत अशा वापरलेल्या, पण नव्या मानकाच्या ट्रकच्या हस्तांतरणास लागू केली, तर एका ट्रकचा मालक मालकच राहील. उत्पादकांची विक्री मात्र त्याने थेट वाढणार नाही, आणि कदाचित म्हणूनच ही तरतूद कोणास सुचलेली नाही.

खिडकीपलीकडच्या मुलाने नम्रपणे सांगितले, “नाही काका, फक्त नव्या गाडीलाच.” चुलत्यांनी कागद पिशवीत भरले. त्या दिवाळीपूर्वी तो ट्रक शेजारच्या जिल्ह्यातील एका वीटभट्टीवाल्याने मोडीच्या भावाच्या दुपटीहून अधिक देऊन नेला. तो तेथे अजून चालतो आहे.