‘शेवट सोडला तर पिक्चर भारी’

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "दादा, संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठं?" मला तरी पहिला धडा चहाच्या गाड्यावर मिळाला. तो कळायला मात्र काही वर्षं गेली.

२९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला तेव्हा मी बी.एस्सी.ला होतो. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, शूटिंगही करमाळ्याच्या बाजूला. म्हणजे आम्हा सोलापूरकरांचा घरचाच पिक्चर. टॉकीजमधून निघून सात रस्त्याला चहाला थांबलो आणि नेहमीची चर्चा सुरू झाली.

"काय बे, पहिला हाफ लई भारी, दुसरा रटाळ."

"गाण्यातच पैसे वसूल!"

मी म्हणालो, "शेवट सोडला तर पिक्चर भारी. तो शेवट उगाच चिकटवल्यासारखा वाटतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक मित्र मात्र काहीच बोलला नाही. त्यानं गप चहा संपवला.

आता ही वाक्यं नीट बघा. ‘रटाळ’ हे बघणाऱ्याबद्दल सांगतं. त्याला कंटाळा आला, विषय संपला. त्यात खरं-खोटं तपासता येत नाही. ‘चिकटवलेला’ हे मात्र सिनेमाबद्दलचं विधान आहे, आणि ते तपासता येतं. शेवट खरंच चिकटवलेला असेल, तर आधीच्या अडीच तासांत त्याची चाहूल कुठंच लागायला नको. झाला की तुमचा प्रश्न तयार! पण तेव्हा मी तो तपासला नाही. माना डोलावल्या गेल्या, मला तेवढं पुरलं.

पुढं एम.एस्सी.ला स्पेक्ट्रोफोटोमीटरवर कॅलिब्रेशन कर्व्ह काढत होतो. पाच बिंदू सरळ रेषेवर, सहावा लांब. मी सहावा खोडायला निघालो. सरांनी विचारलं, "कारण काय?" म्हटलं, "रेषेवर बसत नाही." ते म्हणाले, "हे कारण नाही. रेषाच तिथपर्यंत जात नसेल तर?" आणि तसंच निघालं. द्रावण जास्त तीव्र झालं की बिअर-लॅम्बर्टची सरळ रेषा वाकते. बिंदू बरोबर होता, चूक माझ्या अपेक्षेत होती.

त्या रात्री मला माझं जुनं वाक्य आठवलं. ‘शेवट सोडला तर’ म्हणजे सहावा बिंदू खोडणंच की! मग वही घेऊन ‘सैराट’ परत पाहिला.

पहिली नोंद: आर्चीचा भाऊ प्रिन्स भर वर्गात सरांच्या कानफटात मारतो, आणि त्याचं काहीही बिघडत नाही. टॉकीजमध्ये या जागी हशा झाला होता. मीही हसलो होतो.

दुसरी नोंद: ‘झिंगाट’वर सगळं थिएटर नाचलं, पण ते गाणं वाजतं कुठं? त्याच प्रिन्सच्या वाढदिवसाला, पाटलांच्या बंगल्यावर. त्याच रात्री आर्ची आणि परश्या पकडले जातात.

तिसरी नोंद आवाजाची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. चारही गाणी पहिल्या अर्ध्या भागात आहेत. अजय-अतुलचं हे संगीत अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदासह रेकॉर्ड झालं होतं. मध्यंतरानंतर हैदराबादची झोपडपट्टी येते, कामधंदा येतो, संशय आणि भांडणं येतात. गाणं एकही येत नाही. आणि अगदी शेवटी, लहान पोर घराबाहेर चालत येतं तेव्हा आवाजच नाहीसा होतो. आम्ही ज्याला ‘रटाळ’ म्हणालो, ती ही उतरती रेषा होती. शेवट तिच्यावरचाच बिंदू आहे.

इथं कुणीतरी म्हणेल, "‘धडक’शी तुलना कर ना." २०१८ च्या त्या हिंदी आवृत्तीत शेवट बदलला, मुलगी जिवंत राहते. पण तिथं भाषा बदलली, करमाळ्याचं उदयपूर झालं, जातीचा संदर्भ पुसट झाला. एवढं सगळं एकदम बदललं की कशामुळं काय झालं ते सांगता येत नाही. त्याला कंट्रोल म्हणू नका.

माझ्या वाचनातही खोट आहे, तीही सांगतो. शेवट माहीत असताना खुणा शोधल्या की खुणा सापडतातच. शिवाय माहेरच्या भेटवस्तू घेऊन आलेली माणसं दाखवताना सिनेमा आपल्याला थोडा वेळ बेसावध ठेवतो, हेही खरं. म्हणून ज्याला शेवट माहीत नव्हता असा प्रेक्षक हवा होता.

तो मला आधीच भेटला होता. त्या दिवशी गप्प बसलेल्या मित्राला मी माझा सिद्धांत ऐकवला. तो म्हणाला, "मला तर त्या वर्गातल्या थपडेलाच कळलं होतं, ह्यांचं काही खरं नाही. तुम्हाला कळलं नाही, ह्याचंच नवल वाटलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का?"

गावात कुणाच्या दारात थांबायचं आणि कुणाच्या नाही, हे त्याला शाळेत जायच्या आधीच शिकवलं होतं. मला ते कधी शिकावंच लागलं नाही. एकच सिनेमा, एकच टॉकीज, शेजारशेजारच्या खुर्च्या. तरी मला शेवट अचानक आला आणि त्याला नाही.

सर्वेक्षणात उत्तर न देणाऱ्यांना आपण ‘मिसिंग डेटा’ म्हणतो आणि बऱ्याचदा गाळून पुढं जातो. पण माणूस गप्प का राहिला, याचं कारण तुमच्या प्रश्नाशीच जोडलेलं असेल, तर त्याला गाळल्यावर उरलेलं उत्तर चुकतं. त्या दिवशी डोललेल्या माना म्हणजे वेगवेगळी निरीक्षणं नव्हती. आम्ही सगळे एकाच बाजूनं बघत होतो.

तर, पुढच्या वेळी मित्र पिक्चरबद्दल काही बोलले की वहीत एक वाक्य उतरवा. ते बघणाऱ्याबद्दल आहे की सिनेमाबद्दल? खोटं असेल तर कशावरून कळेल? आणि वही मिटायच्या आधी, जो काही बोलला नाही त्याला विचारा, "तुला काय वाटलं?" मी हे विचारायला काही वर्षं उशीर केला. तुम्ही करू नका.