मंद हिरवा रंग आणि गृहसजावटीतील अभिरुची

घराच्या भिंतींस मंद ऑलिव्ह हिरवा रंग देण्याच्या प्रथेची चिकित्सा करताना केवळ छटेचा विचार पुरेसा ठरत नाही. या अभिरुचीच्या इतिहासात लंडनच्या साउथ केन्सिंग्टन (आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयातील हरित भोजनगृहास महत्त्वाचे स्थान आहे. विल्यम मॉरिस यांच्या संस्थेने १८६६–६८ मध्ये ते सजविले. भिंतींच्या मंद हिरव्या गिलाव्यावर ऑलिव्हच्या फांद्यांचे उठावकाम आहे. त्याखालील हिरव्या लाकडी फलकांत सोनेरी पार्श्वभूमीवर बर्न-जोन्स यांच्या आकृती आहेत.

येथे सोनेरी रंगाचे कार्य केवळ शोभेचे नाही. मंद हिरवा रंग प्रकाश शोषून घेतो; सोनेरी फलक तो परत देतात. म्हणून दालन गंभीर वाटते, उदास वाटत नाही.

पुढे मंद हिरवे रंग इंग्लंडमधील कलासक्त घरांचे लक्षण ठरले. १८८१ च्या ‘पेशन्स’ या संगीतिकेत गिल्बर्ट आणि सलिव्हन यांनी या अभिरुचीची थट्टा केली. ती थट्टा अनाठायी म्हणता येणार नाही; अनुकरण करणाऱ्यांनी रंग उचलला, योजना मात्र मागे ठेवली.

ऑलिव्ह छटेत पिवळ्यास काळ्याची जोड असते. पिवळसर दिव्याखाली ती उबदार भासते, अंधाऱ्या खोलीत मळकट. सबब तिचे मूल्य तिच्यापाशी नसून प्रकाश, लाकूड व भिंत यांच्या परस्परसंबंधांत आहे, हे रंगाच्या नमुनापत्रिकेवरून निवड करणाऱ्याने विसरू नये.